शेटलँडचे पक्षी: नकाशाआधी वारा आणि घड्याळ बघा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलँड बेटांवर पक्षी शोधावे लागत नाहीत. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत कड्याच्या टोकाशी गेलात की समोरच असतात. चुकतं ते वेळेचं गणित. स्कॉटलंडच्या ॲबर्डीन बंदरातून रात्रीच्या बोटीने शेटलँडच्या लेरविक गावी उतरलेली मंडळी भर दुपारी दक्षिण टोकाचा समबर्ग हेड हा कडा गाठतात आणि ‘पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) फारसे नव्हतेच’ म्हणत परततात. दुपारी बरेचसे पफिन समुद्रावर असतात. संध्याकाळी जा, जूनमध्ये सूर्य साडेदहाच्या सुमारास मावळतो, उजेडाला तोटा नाही. दीपगृहालगतच्या भिंतीपलीकडे हाताच्या अंतरावर पफिन बसलेले दिसतात. भिंत मात्र ओलांडू नका. गवताखाली त्यांची बिळं असतात, पाय पडला की वरची माती खचते, आणि आत त्या जोडीचं वर्षाचं एकुलतं एक अंडं किंवा पिल्लू असतं. ऑगस्टच्या मध्यावर आलात तर पफिन विसरा.

सगळ्यात जास्त तयारी लागते ती मूसाला. या निर्जन बेटावर सुमारे 13 मीटर उंचीचा लोहयुगातला दगडी बुरूज आहे. चुन्याशिवाय रचलेल्या त्याच्या भिंतींच्या फटींत स्टॉर्म पेट्रेल घरटी करतात. पक्षी चिमणीएवढा, वजन जेमतेम 25 ग्रॅम. आपल्या किनाऱ्यापासून खोल समुद्रात दिसणाऱ्या विल्सन्स स्टॉर्म पेट्रेलचा लांबचा नातलग. बेटावर दहा हजारांहून अधिक जोड्या आहेत, तरी दिवसा बुरुजाभोवती एकही दिसत नाही, कारण उजेडात जमिनीवर आला की गल (कुरव) आणि स्कुआ हे मोठे समुद्रपक्षी त्याला मटकावतात. म्हणून सँडविक गावाहून बोटीची खास फेरी रात्री उशिरा निघते. ढगाळ रात्र उत्तम. आभाळ निरभ्र असेल तर पक्षी कमी येतात. भिंतीला कान लावलात तर आतून मांजरासारखी घुरघुर आणि मध्येच एक उचकी ऐकू येते. फ्लॅश नको, टॉर्च लाल उजेडाचा. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, म्हणून आरक्षण मुक्कामाच्या पहिल्या रात्रीचं करा. शेवटच्या रात्रीचं केलंत तर दुसरी संधी उरत नाही.

पाणमांजर इथे दिवसाउजेडी दिसतं, आणि तेही समुद्रात. आधी ओहोटीची वेळ काढा. तिच्या आगेमागे ते शिकारीला उतरतं. मग असा किनारा निवडा जिथे गोड्या पाण्याचा ओढा समुद्राला मिळतो. केसांत मीठ साचलं की त्यांची ऊब जाते, त्यामुळे त्याला रोज गोड्या पाण्यात अंग धुवावंच लागतं. पाण्यात डोकं दिसलं तर बुडी नीट बघा: सील सरळ खाली जातो, पाणमांजराची शेपटी वर उचलली जाते. जवळ सरकायचं ते वारा तोंडावर घेऊन, तेही ते पाण्याखाली असतानाच. बुडी साधारण वीसेक सेकंदांची असते. बारापर्यंत मोजा आणि खाली बसा. क्षितिजरेषेवर उभं राहिलात तर खेळ संपला. बीळ सापडलं तर लांबूनच वळा. तिथे त्याला त्रास देणं कायद्याने गुन्हा आहे.

उत्तरेला अन्स्ट बेटावरच्या हर्मनेसला जाताना मध्ये दोन फेरीबोटी लागतात, त्यामुळे पूर्ण दिवस राखून ठेवा. तिथला बॉन्क्सी, म्हणजे ग्रेट स्कुआ, पिल्लांजवळ कोणी आलं की थेट डोक्यावर झेपावतो. काठी डोक्यापेक्षा उंच धरा, तो सगळ्यात उंच टोकावर येतो. 2022च्या बर्ड फ्लूने बॉन्क्सींचा फार मोठा संहार केला, म्हणून पायवाट सोडू नका आणि मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. फुलमार या समुद्रपक्ष्याच्या घरट्यापासूनही दूर राहा. तो तोंडातून जे तेल फेकतो त्याचा वास जॅकेटमधून जाता जात नाही.

छत्री घरीच ठेवा, वारा ती पहिल्या तासात उलटी करतो. भिजलेली जीन्स इथे वाळत नाही. दुर्बीण 8x42ची (आठपट मोठं दाखवणारी) पुरे; जास्त शक्तीची वाऱ्यात इतकी हलते की पक्षी ओळखता येत नाही. काचेवर खारट तुषार बसतात, ते कोरड्या कापडाने घासलेत तर ओरखडे उठतात. आधी गोड्या पाण्याने धुवा, मग पुसा.