कोणता वार?

साताऱ्यात पत्ता विचारला की आठवडाच हाती पडतो. सोमवार पेठ, मंगळवार, बुधवार, शुक्रवार. कुणी 'मी शनिवारात राहतो' म्हटलं, तर नवख्याने उरलेल्या सहा दिवसांची चौकशी करावी.

वेशीबाहेरच्या गोठ्यात हाच शब्द बाई होतो: ती वार म्हणजे विण्यानंतर बाहेर पडणारी झिल्ली. म्हैस व्याली की शेजारी विचारतो, रेडा की रेडी? आणि लगेच, "वार पडली का?" बारा तास उलटूनही पडली नाही, तर डॉक्टरांना फोन जातो. कापडवाल्याचा वार तीन फुटांचा. नऊ वार लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर. पण मीटरमध्ये लुगडं मागून बघा!

दिवसाचा वार मुळात पाळीचा. 'वारंवार'मध्ये आहे तोच. ग्रहांनी आळीपाळीने दिवस वाटून घेतले, हे खूळ जुनं आहे: मध्य प्रदेशातल्या एरणच्या इ.स. ४८४ च्या स्तंभलेखात आषाढ शुद्ध द्वादशीसोबत गुरुवारही कोरलेला आहे.

ही पाळी खरी कळायची ती वार लावून जेवणाऱ्या मुलांना. शिकायला आलेला गरीब मुलगा सात घरी सात वार लावायचा, म्हणजे रोज एका ठरलेल्या घरी जेवायचा. आमच्या आळीतले एक वृद्ध मास्तर सांगायचे, "माझा बुधवार फार मायाळू होता, पोळीवर तूप असायचं. शुक्रवार नुसता खेकसायचा." एखादा वार लागला नाही, तर त्या दिवशी पाणी पिऊन निजायचं. आठवडा असा पोटाने मोजलेला. आणि हेही सांगायला हवं, की ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांची. बहुजनांच्या पोराला कुणाकडे वार लागणार? १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीत जेवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही त्या मुलांच्या धान्यापायी गेलं. तिथे सातही वार एकाच चुलीवर शिजत.

तलवारीचा वार आमच्या जिल्ह्याला शिकवायला नको. १६५९ साली प्रतापगडाखाली सय्यद बंडाने उगारलेला वार जिवा महालांनी हातासकट तोडला, असं सांगतात. लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली, तेव्हा रांगेत पोराटोरांना हीच गोष्ट ऐकवली जात होती. (ती नखं महाराजांचीच का, यावर वाद आहे, रांगेत उभं राहून तो काढण्याची हिंमत मला झाली नाही.)

पंजाबीत मात्र वार म्हणजे वीरगाथा, आपल्या पोवाड्याची बहीण. आपल्या नामदेवांची ६१ पदं ज्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यातच अशा २२ वारा आहेत. त्यांतली 'आसा दी वार' गुरुद्वारात पहाटे गातात. ती भक्तीची, पण चाल एका जुन्या वीरगाथेची, टुंड्या असराजाची. टुंडा म्हणजे हात तुटलेला. तिथेही शेवटी वार झालेलाच होता.