रीसेटनंतर हाच आवाज राहील का?

नौपाड्यातील माझ्या दुरुस्तीच्या दुकानात खरेदीपूर्वी तपासणीसाठी येणाऱ्या जुन्या गिटारींचा निकाल सहसा आरसा, बल्ब आणि पोलादी पट्टी एवढ्यावर लागतो. वाशीच्या एका निवृत्त वादकाने विकायला काढलेल्या मार्टिन कंपनीच्या डी-28 या गिटारीबद्दल मात्र माझे मन अजून निश्चिंत झालेले नाही.

गिटार 1970च्या दशकातील, म्हणजे कंपनी 1969मध्ये ब्राझिलियन रोझवूडकडून भारतीय शिसवीकडे वळल्यानंतरची. पिकगार्डच्या (ओरखडे टाळण्यासाठी लावलेल्या पातळ पत्र्याच्या) कडेने ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या लाकडी भागापर्यंत, गेलेली एक चीर आतून स्प्रूस लाकडाच्या छोट्या क्लीट (ठिगळे) लावून बंद केलेली होती. लाकडाच्या रेषांना आडव्या बसवलेल्या, कडा तासून पातळ केलेल्या त्या क्लीट पाहून मी त्या अनोळखी कारागिराला मनोमन दाद दिली. खरेदीदार तरुणाचा चेहरा मात्र चीर पाहून पडला. गिऱ्हाईक चिरेला घाबरते आणि नेकच्या (गिटारीच्या लांब दांड्याच्या) कोनाबद्दल विचारतही नाही, याची मला खंत वाटते.

खरी अडचण तिथेच होती. फ्रेटांवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) ठेवलेल्या पोलादी पट्टीचे टोक ब्रिजच्या माथ्यावर टेकायला हवे. येथे ते ब्रिजच्या कडेवर खाली आदळत होते. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची 4 मिलिमीटर भरली आणि सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारा पेलणारा तुकडा, तर आधीच घासून ब्रिजच्या वर जेमतेम दीड मिलिमीटर उरले होते. नेकच्या आतल्या ट्रस रॉडने (नेकचा बाक सुधारणाऱ्या सळईने) हा कोन सुधारत नाही, हे लोकांना कितीही सांगितले तरी पटत नाही. शिवाय या गिटारीत फिरवता येणारा रॉडच नव्हता. मार्टिनने तो 1985मध्ये आणला. उपाय एकच, नेकचा रीसेट: पंधरावा फ्रेट काढून नेकच्या सांध्यात वाफ सोडायची, नेक उतरवायचा आणि त्याची टाच (सांध्याकडचे टोक) तासून कोन मागे घ्यायचा.

हे ऐकूनही त्या तरुणाने गिटार हातात घेतली. खर्ज भरदार होता, तरी प्रत्येक सूर सुटा ऐकू येत होता, आणि वरच्या तारांत नव्या गिटारीत क्वचितच मिळणारा कोरडा, मऊ नाद होता. त्याने विचारले, "काका, रीसेटनंतर हाच आवाज राहील का?"

मी खात्री दिली नाही. रीसेटनंतर सॅडल उंच ठेवता येते, तारा त्यावर अधिक तिरक्या बसतात, गिटारीच्या वरच्या पाटीवरचा ताण वाढतो आणि आवाज बहुधा मोठा व खणखणीत होतो. पण ज्या मऊपणासाठी तो पैसे मोजणार होता, त्याला कदाचित तो खचलेला कोनच कारणीभूत असेल.

रीसेटचा खर्च वजा करून भाव ठरला आणि त्याने गिटार घेतली, परंतु काम लांबणीवर टाकले. तूर्त मी 13ऐवजी थोड्या पातळ, 12 गेजच्या तारा चढवल्या. माझ्या मते रीसेट टाळता येणार नाही. म्हणून त्याच दिवशी दुकानात एकच माइक ठराविक अंतरावर ठेवून, तारांच्या संचाची नोंद करून, आवाजाचे ध्वनिमुद्रण करून घेतले, म्हणजे नेक उतरवल्यानंतर आम्हा दोघांना आठवणीवर विसंबावे लागणार नाही.