अभ्यासिकेतील एक दुपार

आज सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत, राज्यसेवेची तयारी करणाऱ्या पुतण्याशेजारी, दिवसभर वाचत बसलो होतो. त्याच्यासमोर राज्यघटनेचे पुस्तक उघडे, कलम ३५६ च्या ओळीवर पेन्सिल टेकलेली आणि डावा अंगठा मात्र रील्स सरकवत होता. चालू घडामोडींच्या नोट्स टेलिग्रामवरच येतात, म्हणून फोन दूर ठेवता येत नाही, हे त्याचे म्हणणे खरे आहे. पण नोट्स उतरवून घ्यायला गेलेला मुलगा २० मिनिटांनी परततो आणि तोच परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागतो, हे पाहून जीव तुटला. (त्याची आई गावाहून खोलीभाडे कसे पाठवते, हे तो जाणतो.) दुपारच्या चहानंतर त्याने आपणहून फोन माझ्या पिशवीत टाकला आणि सहा वाजेपर्यंत तो जागेवरून उठला नाही.