केबल घरी का बनवते? तुम्ही विचारलंत म्हणून

ऑडिओची तयार केबल मिळत असताना तू घरी का बनवत बसतेस, आणि आवाजात खरंच काही फरक पडतो का? हे दोन प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलेत की आता एकदा नीट लिहूनच टाकते. विचारणारे बहुतेक ऑडिओचा नाद असलेले आहेत, त्यामुळे बाकीच्यांसाठी एवढंच सांगते: आरसीए म्हणजे ऑडिओ जोडायचा एक प्लग, आणि शिल्ड म्हणजे आतल्या तारेभोवतीची, बाहेरचा गोंगाट अडवणारी धातूची जाळी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी. बहुतेक ठिकाणी फरक पडत नाही. डॅकचा (डिजिटल फाइलमधून आवाजाचा सिग्नल बनवणारा डबा) किंवा सीडी प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नल बाहेर पडतानाचा अडथळा, साधारण 100-200 ओहम धरा, आणि मीटरभर केबलचा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, 150 पिकोफॅरड. या दोघांमुळे आवाज पडायला लागतो तो थेट 5 मेगाहर्ट्‌झच्या वर. माणसाचा कान 20 किलोहर्ट्‌झला संपतो. विषय मिटला.

आज हे मी शांतपणे लिहिते आहे, पण काही वर्षांपूर्वी कोणी असं म्हटलं असतं तर मी भांडले असते. तेव्हा मी टेफ्लॉनमधल्या चांदीच्या तीन बारीक तारांची वेणी घालायचे आणि गायिकेच्या तोंडासमोरचा पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतं, असं सांगत फिरायचे. त्या वेणीला शिल्डच नव्हतं. जवळ मोबाइल ठेवला की स्पीकरमधून टकटक यायची, तर मी मोबाइल लांब ठेवा म्हणून सांगायचे. मग एकदा नवऱ्याने कपाटामागे उभं राहून 10 वेळा केबल बदलली, किंवा नुसतीच बदलल्यासारखी केली. मी 5 वेळा बरोबर आले. दोनदा त्याने कशालाही हात लावला नव्हता आणि मी फरकाचं सविस्तर वर्णन केलं होतं. वर्षभर मी हे कोणाला सांगितलं नाही. पण त्या काळातल्या मला खोटारडी म्हणू नका. मला फरक ऐकू येत होता, आणि तो कानात तयार होत नव्हता एवढंच.

अपवाद एकच सांगते, कारण तो खरा आहे: टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधल्या (सुई बसवलेला भाग) कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, मोठा असतो, समजा अर्धा हेन्री. केबल, टोनआर्मची (सुई धरणारा दांडा) वायरिंग आणि फोनो स्टेज (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) मिळून कपॅसिटन्स 300 पिकोफॅरड झाला तर रेझोनन्स (जिथे आवाज उगाच फुगतो ती जागा) 13 किलोहर्ट्‌झच्या आसपास येतो. तोच 600 झाला तर 9 किलोहर्ट्‌झवर उतरतो. मग ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागतात, आणि त्याच्या वरचं सगळं पडतं. इथे केबल हा सर्किटचाच एक भाग असतो. म्हणून माझ्या टर्नटेबलला आरजी-59 जातीच्या (मधे तार, भोवती इन्सुलेशन, त्यावर जाळी अशा) कोअॅक्सची फक्त 70 सेंटीमीटर केबल आहे. मीटरला 67 पिकोफॅरड, म्हणजे माझ्या वाट्याला पन्नासच्या आत. तयार केबल या मापाची मिळाली नाही, मी बनवली. याला कोणी खूळ म्हणू नये.

पण बाकीच्या का बनवते, हा प्रश्न उरतोच. तो विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना दादाच्या कॅसेटबद्दल अर्धवट माहीत आहे, आणि ‘एवढं होऊनही?’ असा त्यांचा सूर असतो. तर ते पूर्ण सांगते.

दादा माझा मावसभाऊ. तो शिकायला लांब होता तेव्हा मावशीने त्याला एक कॅसेट पाठवली होती. पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून रेकॉर्डर समोर ठेवून बोलली होती. सी-60 कॅसेट, एकच बाजू भरलेली. मावशी गेल्यावर तिच्या आवाजाचं तेवढंच उरलं. ते कॉम्प्युटरवर घ्यायचं काम दादाने माझ्याकडे दिलं, कारण घरात हे सगळं मलाच येतं असं सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं.

त्याचा जुना रेकॉर्डर मोनो, इअरफोनचं 3.5 मिलिमीटरचं एकच सॉकेट. तिथून ऑडिओ इंटरफेसपर्यंत (आवाज कॉम्प्युटरला देणारा डबा) केबल हवी होती. तयार मिळाली असती. मी म्हटलं, मावशीच्या आवाजासाठी माझ्या हातची बनवते. फोमचं इन्सुलेशन असलेली चांगली कोअॅक्स घेतली. वरचं आवरण सोललं, जाळी सुईने विंचरली, पिळून एका बाजूला घेतली, आतली तार 5-6 मिलिमीटर उघडी केली. 3.5 च्या जॅकमध्ये जागा अगदी कमी असते. शिल्डचा पत्रा उष्णता खातो, सोल्डर लवकर धरत नाही. धरेना म्हणून मी सोल्डरिंगचं आयर्न टेकवून ठेवलं. तीन सेकंदांऐवजी दहा, कदाचित जास्त. 63/37 (कथील-शिशाचं) सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळतं, फोममधलं पॉलिथिन त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. हे मला माहीत होतं. टाका मात्र छान चकचकीत आला, म्हणून मी खूश होते. मल्टिमीटर लावला: टोकापासून टोकापर्यंत बीप, मधली तार आणि शिल्ड यांच्यात काही नाही. पास. केबल हलवून, वाकवून मीटर लावला नाही.

दादा आला. प्ले दाबलं, मावशीचा आवाज आला, लेव्हल नीट बसवली. दोन मिनिटांनी दादा म्हणाला, “मला इथे बसवत नाही गं.” आम्ही दोघं बाहेर जाऊन बसलो. मी हेडफोन लावून तिथेच बसायला हवं होतं. पण त्याला एकट्याला बाहेर कसं पाठवायचं?

अर्ध्या तासाने आत आले तर स्क्रीनवर वेव्हफॉर्ममध्ये 17 व्या मिनिटापासून सरळ रेघ होती. 21 व्या मिनिटाला आवाज आपोआप परत आला होता. रेघेच्या आधी मावशी गळणाऱ्या छपराबद्दल बोलत होती. रेघेनंतर ती हसते आहे, आणि म्हणते, “असो.” कशाला हसली ते त्या चार मिनिटांत आहे. दादाने कॅसेट पूर्वी ऐकलेली, पण त्याला आठवत नाही.

मी लगेच केबल बदलली, रिवाइंड केलं, पुन्हा लावलं. मिनिटभरात रेकॉर्डरने टेप ओढायला सुरुवात केली. हातभर फीत रोलरभोवती. ती सोडवून पेन्सिलने परत गुंडाळेपर्यंत माझे हात थरथरत होते. फाटली नाही, सुरुवातीचा भाग चुरगळला. तो भाग आपल्याकडे आलेला आहे, मधलं अजून टेपवर आहे, दुसरा डेक आणते, असं मी घाईघाईने सांगत होते. दादाने कॅसेट डबीत घातली. “राहू दे आता,” म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

रात्री ब्लेडने जॅकच्या मागची केबल उभी चिरली. पांढरा फोम एका बाजूला काचेसारखा पारदर्शक झाला होता आणि मधली तार त्यातून सरकत जाळीला टेकायला आली होती. केबल टेबलाखाली लोंबत होती, तिच्या वजनाने मान वाकली की शॉर्ट. परत जरा हलली की सुटली. तो तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आता तुमचा प्रश्न. एवढं होऊनही का? माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एक उत्तर असं की तयार मोल्डेड केबल बिघडली तर ती उघडून बघता येत नाही, कापून टाकावी लागते. माझी केबल मी उघडू शकले, आणि नेमकं काय झालं ते मला कळलं. यावर तुम्ही म्हणाल की मोल्डेड केबल असती तर बहुधा हे झालंच नसतं. खरं आहे. मीही रात्री हेच म्हणते. सकाळी वाटतं, चूक केबल घरी बनवण्यात नव्हती, ‘मला येतं’ या भरवशावर न तपासण्यात होती. मग वाटतं, ही स्वतःची बाजू घेणं झालं. स्वेटर विणणाऱ्या बाईला ‘दुकानात मिळत नाही का’ असं कोणी विचारत नाही, हे खरं. पण तिच्या स्वेटरमुळे कोणाची आई चार मिनिटं गप्प होत नाही.

त्यानंतर मी बनवण्याची पद्धत बदलली. फोमऐवजी सॉलिड पॉलिथिनची कोअॅक्स. तीही वितळते, पण तिच्यातली तार इतक्या सहज सरकत नाही. टोकं आधी वेगवेगळी सोल्डरने माखून घ्यायची, मग जोडताना आयर्न दोन-तीन सेकंदच. नाही धरलं तर थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा. मीटर लावलेला असतानाच केबल दोन्ही टोकांपाशी चारी दिशांना वाकवायची. आणि रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोन काढायचे नाहीत, कोणी बाहेर बोलावलं तरी.

3.5 ते आरसीए अशी एक केबल याच पद्धतीने बनवून ठेवली आहे. डेकही घेतला, बेल्ट आणि पिंच रोलर (टेप पुढे ओढणारा रबरी रोलर) नवे घातले. मी स्वतःहून विषय काढलेला नाही.

मागच्या महिन्यात फोनवर दुसरंच काही बोलता बोलता दादाने विचारलं, “ती वायर केलीस का गं परत?” मी हो म्हटलं. “बरं,” म्हणाला, आणि पुन्हा मुलाच्या परीक्षेबद्दल बोलायला लागला.