शेतातली रेघ

"कांद्याच्या रोपात भेसळ झालीय. तुम्ही फक्त बघा आणि लिहून द्या," तात्या फोनवर एवढंच म्हणाले. रोपवाटिकेविरुद्धचा अर्ज त्यांनी आधीच लिहून खिशात ठेवला होता.

मी पोचलो तेव्हा काढणी आठ-दहा दिवसांवर आली होती. अर्ध्या शेतात कांदा तयार होऊन पातीच्या माना पडू लागलेल्या, एकेक कांदा मुठीत मावत नव्हता. उरलेल्या अर्ध्यात नुसत्या गोट्या. तण म्हणाल तर औषधालाही नाही. त्यामुळे तणाची शंका मला आलीच नाही, हे कबूल करतो. फुलकिडे शोधले, करपा पाहिला, मुळं उपटली, माती चोळून बघितली. वहीत लिहूनही टाकलं: 'भेसळ?'

खटकत होती ती रेघ. मोठा कांदा संपून बारीक सुरू होत होता तो सगळ्या वाफ्यांत एकाच ओळीत. भेसळ असती तर लहानमोठे कांदे शेतभर मिसळलेले दिसले असते. पाणी कमी पडलं असतं तर फरक हळूहळू वाढत गेला असता. इथे मात्र दोरी धरून आखल्यासारखं.

"इथं काय झालं होतं?"

तात्यांना आठवेना. मागून काकू म्हणाल्या, "इथवर खुरपणी झाली होती. मग माणसंच मिळेनात. पुढचं नंतर काढलं की सगळं."

"नंतर म्हणजे?"

"पहिलं पंचविसाव्या दिवशी. हे राहिलेलं, दोन महिने होत आले तेव्हा. कांदा दिसतच नव्हता. तण ओढलं की कांदापण हातात यायचा."

कांद्याची पात उभी, पोकळ. कितीही वाढली तरी ती जमीन झाकत नाही, म्हणून तणाला ऊन मिळतच राहतं. मुळं वरच्या वीतभर मातीत, आणि तणाचा डल्लाही तिथेच. लागवडीनंतर साधारण २० ते ६० दिवस हा झगडा चालतो आणि त्यात कांदा हरतो. त्याच दिवसांत पाती फुटत असतात. एकेका पातीचं बूड म्हणजे कांद्याचा एकेक पापुद्रा. दिवस मोठा झाला, उष्णता वाढली की कांदा पोसायला लागतो. तेव्हा पाती चार आहेत की दहा, हे तो बघत नाही. तात्यांनी तण काढलं खरं, पण पाती फुटायचे दिवस निघून गेल्यावर.

रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक चौरस मीटर आखून कांदे उपटले. संख्येत फार फरक नव्हता; वजन मात्र एकीकडे निम्म्याहूनही कमी. वहीतली 'भेसळ' मी खोडली.

"आता युरिया टाकला तर फुगेल का?"

"नाही तात्या. माना जाड राहतील, साठवणीत सडेल."

तात्या बराच वेळ गोट्यांकडे बघत राहिले. मग खिशातला अर्ज काढून उलटा केला आणि पेन मागितलं. मी सांगत गेलो: लागवडीच्या वेळी पेंडीमिथॅलिन हे तणनाशक, विसाव्या-पंचविसाव्या दिवशी खुरपणी, चाळिसाव्याच्या आसपास पुन्हा एकदा. लव्हाळा असेल तर या तणनाशकावर विसंबू नका, तो गाठींतून परत येतो.

काकू कागदावर वाकून बघत होत्या.

"त्या दिवशी माणसं मिळणार कुठून, तेही लिहा."