दहा फुटांवरचा महासागर

शनिवार, रात्री पावणेदोन

कानात अजून गुणगुण चालू आहे आणि झोप येण्याचं काही लक्षण नाही, म्हणून लिहायला बसले. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली की पस्तावेन.

आज ‘इंडियन ओशन’ बँडला अगदी समोर बसून ऐकलं. खरं तर मी जाणारच नव्हते. २०१३ साली सुस्मित सेन बाहेर पडला, तेव्हाच मी मनातल्या मनात या बँडचं तेरावं उरकलं होतं. त्याआधी २००९च्या नाताळात अशीम चक्रवर्ती गेला. तबला वाजवता वाजवता गाणारा अशीम आणि सुस्मितची ती गिटार. १९९०मध्ये ज्या दोघांनी हे सगळं सुरू केलं ते दोघंही नाहीत, मग राहिलं काय? पाटी जुनी, दुकान नवं, असं मी इतकी वर्षं ऐटीत सांगत आले. शेवटी धाकट्याने तिकीटच काढलं. “ताई, नाही आवडलं तर उद्याची मिसळ माझ्याकडून.”

हॉल कसला, तळघरच ते. सत्तरेक माणसं. मागे खुर्च्या, पुढे सतरंजी. गुडघे नको म्हणत होते तरी सतरंजीवर बसले.

यापूर्वी एकदाच त्यांना प्रत्यक्ष ऐकलं होतं, कॉलेजच्या मैदानावर. स्टेजवरची माणसं अंगठ्याएवढी दिसत होती आणि ऐकू येत होती ती मुख्यतः शेजारच्यांची बोंबाबोंब. आज राहुल रामच्या बोटाखाली बेसची तार थरथरताना दिसत होती. समेच्या जरा आधी अमित किलम ड्रम्सवरून तुहीन चक्रवर्तीच्या तबल्याकडे बघायचा, भुवई किंचित वर. रेकॉर्डवर ही भुवई कुठून ऐकू येणार?

पण छोट्या जागेची एक पंचाईत असते, त्यांनाही आपण दिसतो. मी मुलगी बघायला आलेल्या आत्याचं तोंड करून बसले होते. सुस्मितची एक जागा मला तोंडपाठ आहे. ती आली तेव्हा आताच्या गिटारवाल्याला, निखिल रावला, पकडायला मी टपूनच होते. तो त्या जागेवर आलाच नाही, भलत्याच वाटेने गेला, आणि नेमकी त्याच वेळी त्याने मान वर केली. नजरानजर झाली. मी ओशाळून मान डोलवायला लागले. आधी नाटकच होतं ते. नंतर मान आपली आपण डोलत होती.

सगळंच भरून निघालं, असं मात्र नाही. हिमांशू जोशीचा आवाज सुरेख वर चढतो, पण अशीमचा जमिनीतून यायचा. एका गाण्यात ती उणीव इतकी बोचली की मी सतरंजीचे दोरे उपसत बसले.

‘मा रेवा’ हे नर्मदेचं गाणं झालं तेव्हा पपा आठवले. राहुल राम नव्वदच्या दशकात काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात होता, हे गाणं तिकडचंच. पपांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात. ‘धरण’ हा आमच्या घरात अभिमानाचा शब्द. नंदुरबारची ३३ गावं सरदार सरोवराच्या पाण्यात गेली, हा विषय जेवणाच्या ताटावर कधी निघाला नाही. गाणारा अमेरिकेतून पीएच.डी. करून आलाय, असं सांगितलं तेव्हा कुठे घरात ती कॅसेट लावायची परवानगी मिळाली होती. रेवा म्हणजे नर्मदा, हे त्यांना सांगायला नको होतं. एकदा ते गाणं संपेपर्यंत दारात उभे राहिले, आणि मग बातम्या लावल्या.

आजचा खरा धक्का वेगळाच. मध्येच अमितने ड्रम्स सोडले आणि काखेत एक वाद्य घेतलं. गाबगुबी, बंगालच्या बाऊल गायकांचं. तार ताणायची, सैल सोडायची, छेडायची. टुंग्‌ऊंग, टुंग्‌ऊंग. अरे, हे तर चौंडकं! जतला आजोळी मंगळवारी-शुक्रवारी जोगतीण यायची, डोक्यावर देवीच्या मूर्तीचा जग, हातात परडी, आणि तिच्याबरोबरच्या बाईच्या काखेत हेच, जवळजवळ हेच. २००० साली ‘कंदिसा’ अल्बम आला तेव्हापासून हा आवाज मी ऐकतेय आणि कीबोर्डमधली काहीतरी करामत असेल असं समजतेय! लहानपणी ज्या आवाजामागे गल्लीच्या टोकापर्यंत धावले, तो हेडफोनमध्ये ओळखू आला नाही. त्यासाठी तार ओढणारा हात दिसावा लागला.

शेवटी अर्थातच ‘कंदिसा’. केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना, आणि गाणारे सत्तर पुणेकर. मैदानावर नुसती गर्जना होते, इथे कोण कुठे बेसूर होतंय ते वेगवेगळं कळत होतं. त्यात मीही आले. शेजारच्या स्वेटरवाल्या काकू मात्र अचूक होत्या, डोळे मिटून, एकही शब्द न चुकवता.

घरी आल्यापासून तो अल्बम तिसऱ्यांदा लावलाय. चौंडकं आहे. ढळढळीत आहे. उद्या आईला काही न सांगता हेडफोन लावायला देणार आणि विचारणार, हे काय वाजतंय गं?