एका भिंतीला अठरा दिवस का लागले

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. वरच्या मजल्यावरच्या एका जिप्सम बोर्डाच्या (बाहेरून कागद लावलेल्या जिप्समच्या फळ्यांच्या) भिंतीला रंग द्यायला अठरा दिवस कशाला लागले, असे सांगलीच्या गावभागातल्या शेजाऱ्यांपासून बोर्ड बसवणाऱ्या सुतारापर्यंत सर्वांनी मला विचारले, आणि दर वेळी मी ‘पावसामुळे’ एवढेच सांगितले. ते खोटे नव्हते. कोरड्या हवेत जॉइंट कंपाऊंडच्या, म्हणजे बोर्डांचे सांधे भरायच्या पुट्टीच्या, थराला वाळायला चोवीस तास पुरतात; कृष्णाकाठच्या जुलैत मला एकेका थरासाठी दोन-दोन दिवस थांबावे लागले. परंतु जे मी सांगितले नाही ते असे की, ती भिंत त्याआधी मी दोनच दिवसांत रंगवून मोकळी झाले होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि त्यानंतर सासूबाईंना खालच्या खोलीत झोप येईना. स्लॅबवर विटांचा भार नको म्हणून वरच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी जिप्समचे पार्टिशन घातले. मार्च २०२० मध्ये बोर्ड बसले, लगेच टाळेबंदी लागली, आणि सांधे उघडेच राहिले. जुलैत पावसाने जोर धरला तेव्हा त्या रोज पुलावरची पातळी विचारू लागल्या, आणि मी स्वतःच कामाला हात घातला.

सांध्यांवर लावायच्या टेपखाली पुरेसे कंपाऊंड न भरता मी ती चिकटवली, वर एकच हात ओढला, सकाळी तो बोटांना कोरडा लागला म्हणून पॉलिश पेपर मारला आणि प्रायमर न लावताच रोलर फिरवला. प्रायमर म्हणजे बिल वाढवण्याची युक्ती, असे मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होते. रंगाच्या दुसऱ्या हाताला सासूबाई कौतुकाने खुर्ची घेऊन समोर बसल्या होत्या. आतून ओलसर राहिलेले कंपाऊंड रंगाच्या पाण्याने पुन्हा मऊ झाले, टेपला फुगा आला, आणि रोलरबरोबर हातभर लांबीची पट्टी बोर्डाचा कागद घेऊन सुटली. खाली तपकिरी, ओला, केसाळ थर दिसला. पूर ओसरल्यावर खालच्या भिंतींचे पोपडे त्यांनी स्वतः खरवडले होते. त्या एवढेच म्हणाल्या, “ही पण सोलली गं. मी खालीच झोपते.”

घाई त्यांच्यासाठीच केली होती, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला बजावत होते. ते खरेही आहे. पण काम लवकर उरकून ‘झाले’ म्हणण्याची हौस माझीच होती, हेही खरे आहे.

मग सगळे खरवडले. फाटलेल्या कागदाचे सुटे तंतू कापून तिथे आधी प्रायमर लावून तो वाळू दिला, कारण उघड्या कागदावर ओले कंपाऊंड ओढले की पुन्हा फुगे धरतात. टेप भरपूर कंपाऊंडमध्ये बसवली आणि पुट्टी ओढायच्या पत्र्याने दाबून आतली हवा काढली. त्यावर चार, आठ आणि बारा इंच असे रुंदावत जाणारे तीन थर दिले. रात्री बल्ब भिंतीलगत तिरका धरला की दिवसा सपाट भासणारा उंचवटा सावली टाकतो, तेवढाच घासायचा. शेवटी सबंध भिंतीला प्रायमर दिला, कारण कागद आणि कंपाऊंड रंग सारखा शोषत नाहीत आणि सांध्यांचे पट्टे वरून उठून दिसतात. पेंटरला हे सारे ठाऊक असते, मान्य आहे. परंतु तो परत गेल्यावर त्या खोलीत कोणाला झोपायचे आहे, हे मला ठाऊक होते.

सासूबाई गणपतीनंतर वर झोपायला आल्या. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले तेव्हा आम्ही घर बंद करून विश्रामबागेत नातेवाइकांकडे गेलो होतो. परतल्यावर त्यांनी खालची खोली पाहण्याआधी वर जाऊन त्या सांध्यावरून तळहात फिरवला. आता भिंत छताला मिळते तिथे दर उन्हाळ्यात केसाएवढी चीर दिसते. तिथे कंपाऊंड टिकणार नाही, लवचीक सीलंटच भरावा लागेल, हे मला कळते. मी तो आणूनही ठेवला आहे; पण सासूबाईंच्या देखत त्या भिंतीला पत्रा लावायला माझा हात अजून होत नाही.